मेन डोअर स्लायडिंग काचेचं आहे, मुलगा दीड वर्षाचा, कसं सेफ करू?

पायऱ्यांचं_घर
नमस्कार, आमच्या घराचं पुढचं दारच स्लायडिंग काचेचं आहे, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, एक पल्ला फिक्स आणि एक सरकणारा. लेक आता दीड वर्षाचा झालाय आणि हँडलला धरून दार ढकलायला शिकलाय. रोलर चांगले आहेत त्यामुळे पल्ला अगदी हलका चालतो, त्याने अंगाचा भार दिला की सरकतो. बाहेर पायऱ्या आणि लगेच रस्ता, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नसतो. लॉक हँडललाच आहे, हुकवालं, ते त्याच्या हाताला येतं.
आता खरी अडचण. दुपारी घरी सासूबाई आणि तो दोघंच असतात. त्यांचा खांदा धरलेला आहे, हात डोक्याच्या वर जात नाही, म्हणजे अगदी वर कडी लावली तर त्यांनाच उघडता येणार नाही आणि आग वगैरे लागली तर बाहेर पडायचा रस्ता हाच. बोटं चेमटायची भीती आहे ती वेगळीच. कुणी असं दार सेफ केलंय का? प्लीज सांगा.

निशिगंध
सगळ्यात सोपं म्हणजे खालच्या ट्रॅकमध्ये मापाचा लाकडी दांडका टाकायचा, दार सरकतच नाही. आम्ही रात्री तेच करतो.

दोन_पिल्लं
दांडका रात्रीला ठीक, पण या केसमध्ये नको असं मला मनापासून वाटतं. एक तर दीड वर्षाचं मूल तो उचलून काढतं, जमिनीलगतच तर असतो. दुसरं म्हणजे आजींना वाकावं लागणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दांडका असो की आतली कडी, ती बाहेरून उघडत नाही. देव न करो पण दुपारी आजींना चक्कर आली तर तुमच्याकडे चावी असून तुम्ही बाहेर आणि बाळ आत. मेन डोअरला जे काही लावाल ते बाहेरून चावीने आणि आतून चावीशिवाय उघडलंच पाहिजे. आतून पण चावी लागणारं लॉक घेऊ नका, घाईत चावी सापडत नाही.
उलटंही होतं बरं का, तुम्ही कचरा टाकायला बाहेर आणि मूल आतून हुक फिरवतं. त्यामुळे जाताना चावी खिशात हवीच.

फ्रेम_आणि_रोलर
मी अ‍ॅल्युमिनियमची दारं खिडक्या बसवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्या मॅडम बरोबर बोलल्या. स्लायडिंगसाठी असं लॉक मिळतं की बाहेर चावी आणि आत नॉब, ते हँडलपासून वेगळं, वरच्या उंचीवर बसवता येतं. उंची अंदाजाने ठरवू नका. मुलाला टाचा उंचावून हात वर करायला लावा, तिथे खूण करा, त्यात घरातल्या सगळ्यात उंच, उचलता येणाऱ्या स्टुलाची उंची मिळवा. मग आजींना उभं करून बघा त्यांचा हात दुखल्याशिवाय कुठपर्यंत जातो. या दोन्हीच्या मधे जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर स्टूल दाराजवळून हलवा, लॉक आजींच्या हातापलीकडे नेऊ नका. मूल वाढतं तशी ही मापं परत घ्यायची.
बसवताना ड्रिल फक्त फ्रेमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत, आणि स्क्रू आखूड. काच प्रोफाइलच्या आत थोडी गेलेली असते, लांब स्क्रू तिच्या कडेला टेकला आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर अख्खा पल्ला एका क्षणात चुरा होतो. चिकटवायची लॉक मी मेन डोअरला सुचवत नाही, उन्हात गोंद सैल पडतो. अगदीच लावायची तर जागा स्पिरिटने पुसून, दाबून बसवून एक दिवस हात लावू नका.
अजून एक कुणी बघत नाही. पल्ला दोन्ही हातांनी धरून वर उचलून बघा. खूप उचलला जात असेल तर वरच्या ट्रॅकमध्ये उचल रोखणारा ठोकळा बसवून घ्या, नाहीतर हँडलला लोंबकळणाऱ्या मुलाच्या अंगावर पल्ला ट्रॅक सोडून येऊ शकतो, आणि काचेचा पल्ला फार जड असतो.

सायलीचा_बाबा
बोटांबद्दल. सगळे बंद होणाऱ्या कडेचाच विचार करतात, पण दार पूर्ण उघडताना हँडल फिक्स पल्ल्याच्या फ्रेमजवळ जातं तिथेही बोटं सापडतात, आमच्या मुलीची तिथेच सापडली होती. ट्रॅकमध्ये स्टॉपर लावून दार पूर्ण उघडूच द्यायचं नाही, हँडल आणि फ्रेममध्ये मोठ्या माणसाचा हात मावेल एवढं अंतर ठेवायचं. बंद होणाऱ्या बाजूला वरती फोमचा अडथळा लावता येतो पण तो असताना लॉक लागत नाही हे विसरू नका, म्हणजे फोम मोठं माणूस समोर असतानाच. हवेसाठी फट ठेवायची असेल तर १० सेंमीपेक्षा कमी, त्याहून मोठ्या फटीत अंग जातं आणि डोकं अडकतं.

निशिगंध
आणि दार उघडलं की वाजणारा मॅग्नेटचा सेन्सर लावा, आजी आत असल्या तरी कळेल. लॉकच्या ऐवजी नाही, जोडीला.

पायऱ्यांचं_घर
सगळ्यांचे खूप आभार, बाहेरून चावीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. माप घेतलं, स्टूल हलवलं तर आजींच्या खांद्याच्या उंचीवर लॉक बसतंय. पण टफन्ड काचेच्या कोपऱ्यात असतो तसा कुठलाच शिक्का आमच्या काचेवर दिसत नाही, म्हणजे साधी काच का?

फ्रेम_आणि_रोलर
तसंच धरून चाला. कधी शिक्का फ्रेममध्ये दबलेला असतो म्हणून एक युक्ती, पोलराइज्ड गॉगल घालून उजेडात तिरकं बघा, टफन्ड असेल तर डाग किंवा पट्टे दिसतात. साधी निघाली तर लॉकच्याही आधी काच बदला, कारण साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. टफन्डचे बारीक बोथट दाणे होतात, लॅमिनेटेडचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. काच येईपर्यंत आतून पूर्ण सेफ्टी फिल्म (फुटलेले तुकडे धरून ठेवणारा चिकट पारदर्शक थर) लावा आणि मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर स्टिकरची पट्टी, पळत येणाऱ्या मुलाला काच दिसतच नाही. ट्रॅकही रोज झाडा, त्यात मणी, बटणं पडतात आणि ती थेट तोंडात जातात.