मुख्यालयाने डायव्हर्सिटीचा कार्यक्रम गुंडाळला. पुण्यातील टीममध्ये पडलेल्या दुफळीचे काय करावे?

खराडीकर

नमस्कार. मी खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षे काम करतो आणि गेली तीन वर्षे चव्वेचाळीस जणांच्या टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. कंपनीचे मुख्यालय अमेरिकेत आहे. २०२५ च्या जानेवारीत तेथे सत्तांतर होऊन अशा डायव्हर्सिटी कार्यक्रमांविरुद्ध जे आदेश निघाले, त्यांचे पडसाद आमच्यापर्यंत पोहोचायला सहा महिनेही लागले नाहीत. 'विविधता, समता आणि समावेशन' हे विभागाचे नाव गेले, प्रत्येक पदाच्या अंतिम यादीत किमान एक स्त्री उमेदवार असावी ही अट गेली आणि स्त्री उमेदवार सुचवणाऱ्याला मिळणारा दुप्पट रेफरल बोनसही बंद झाला. आता पुण्याच्या कार्यालयापुरते काय ठेवावे आणि काय सोडावे, याविषयी एचआरने प्रत्येक टीमप्रमुखाकडून लेखी मत मागवले आहे.

एका अनुभवी सहकाऱ्याची बढती दोन वर्षे रखडली आहे. त्याचे म्हणणे असे की, केवळ स्त्रियांसाठी असलेल्या नेतृत्व-प्रशिक्षणात ज्यांना जागा मिळते त्यांनाच वरची पदे मिळतात, त्यामुळे ते प्रशिक्षण बंद झाले तर त्याला न्यायच मिळेल. मागच्या खेपेस जिची बढती झाली, ती माझ्या मते टीममधील सर्वांत जाणकार अभियंता आहे. तरीही कॉफीच्या यंत्राजवळ तिचा उल्लेख 'डायव्हर्सिटीवाली' असा होतो आणि ते तिच्या कानावर गेले आहे. तिने माझ्याकडे येऊन एकच मागणी केली: स्वागतकक्षातील पोस्टरवरचा तिचा फोटो काढून टाकावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते. या विषयावरच्या बैठकीत धाराशिव जिल्ह्यातून आलेला, शासकीय महाविद्यालयात शिकलेला एक तरुण, जो एरवी फारसा बोलत नाही, तो म्हणाला, "या सगळ्यात आमच्यासारख्यांचा रकाना कोणता?" त्यानंतर जी शांतता पसरली तिचा अर्थ सर्वांना कळला होता. मी विषय बदलला, आणि तेव्हापासून ते मनाला टोचते आहे.

मुख्यालयाने बंद केले म्हणून आपल्याकडेही सर्व बंद करता येते का, आणि माझ्या जागी आपण असता तर त्या लेखी मतात काय लिहिले असते, हे जाणकारांनी सांगावे.

कर्वेनगरची

या क्षेत्रात मला एकोणीस वर्षे झाली. दुप्पट बोनस बंद झाल्याचे मला जराही दुःख नाही. मुलीला नोकरी लागण्याआधीच तिच्या नावापुढे किंमत लिहायची आणि मग सहकाऱ्यांनी तिच्या पात्रतेवर शंका घेऊ नये अशी अपेक्षा करायची, हे विसंगत होते. तिला सुचवणाऱ्या मित्राला जास्तीचे पैसे मिळाले, आणि 'डायव्हर्सिटीवाली' हा शिक्का मात्र तिला वर्षानुवर्षे वागवावा लागला.

पण स्त्रियांना मागे ठेवणाऱ्या गोष्टीचा बोनसशी संबंधच नव्हता. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु कमी पगाराच्या कामगारांसाठी असलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत न येणाऱ्यांच्या बाबतीत, म्हणजे आपल्या क्षेत्रातील जवळजवळ सर्वांच्या बाबतीत, त्या काळाचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा असतो. बहुतेक कंपन्या हा खर्च त्या टीमच्याच अंदाजपत्रकात टाकतात, बदली माणूस देत नाहीत आणि कामाची मुदतही वाढवून देत नाहीत. मग नुकतेच लग्न झालेल्या उमेदवाराची मुलाखत घेताना व्यवस्थापकाच्या मनात काय चालते, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, कारण मीही त्या खुर्चीत बसले आहे आणि मनातल्या मनात तेच गणित केले आहे. त्या मुलीला कारण कधीच सांगितले जात नाही. 'कल्चर फिट वाटले नाही' असे लिहून फाईल मिटते.

म्हणून तुमच्या पत्रात एकच मागणी लिहायची असेल तर ही लिहा: प्रसूती रजेचा खर्च टीमच्या खात्यातून काढून संपूर्ण कंपनीच्या खात्यावर टाकावा आणि त्या सहा महिन्यांसाठी बदली माणूस द्यावा. याला कुठलेही घोषवाक्य लागत नाही आणि यात कोणत्याही पुरुषाचे काही हिरावले जात नाही.

आणि फोटो आजच काढायला सांगा. त्यासाठी समितीची गरज नाही.

बिंदुनामावली

माझे मत येथे अनेकांना आवडणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचावे. मी शासकीय आरक्षणाचा समर्थक आहे आणि कंपन्यांच्या डायव्हर्सिटी कार्यक्रमांचा विरोधक आहे, आणि मला यात विसंगती दिसत नाही.

शासकीय भरतीत बिंदुनामावली असते. कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा हे आधीच ठरलेले असते, ते कोणालाही पाहता येते आणि चुकले तर न्यायालयात जाता येते. निकाल कोणाला आवडो न आवडो, नियम डोळ्यांसमोर असतो. कंपनीत यातले काहीच नसते. वरून एक टक्केवारी येते, ती व्यवस्थापकाच्या अप्रायझलला, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाला, जोडली जाते, आणि शेवटच्या तिमाहीत तो आकडा कसा भरून निघतो हे कोणीच कोणाला सांगत नाही. धागाकर्त्यांच्या त्या सहकाऱ्याची बढती नेमकी कशामुळे रखडली हे त्याला कोणी लेखी सांगितले आहे का? सांगितले नसेल, तर त्याने स्वतःच कारण शोधले आणि हाताशी असलेले सर्वांत सोपे कारण धरले. तो चुकत असेल, पण त्याला चुकायची सोय कंपनीनेच करून ठेवली आहे.

अमेरिकेतील घडामोडींविषयीही येथे बराच गैरसमज दिसतो. नोकरी देताना वंश किंवा लिंग पाहून निर्णय घेण्यास तेथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानेच मनाई आहे. कोटा तेथे आधीही बेकायदेशीरच होता. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना उद्दिष्टे ठरवायला लावणारी चौकट १९६५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशावर उभी होती आणि तो आदेश २१ जानेवारी २०२५ रोजी रद्द झाला. हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेश देताना वंश पाहू नये, हा २०२३ चा निकाल महाविद्यालयीन प्रवेशांचा होता, नोकऱ्यांचा नव्हे. परंतु जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे सांगितले की, बहुसंख्याक गटातील व्यक्तीने भेदभावाची तक्रार केल्यास तिच्याकडून इतरांपेक्षा अधिक पुरावा मागता येणार नाही. मुख्यालयातील वकील घाबरले ते या सगळ्यामुळे. त्या भीतीचा खराडीशी संबंध इतकाच की पगार तिकडून येतो.

आडनाव लिहीत नाही

वरील प्रतिसादातील बिंदुनामावलीचा मुद्दा मला मान्य आहे, पण ती नसलेल्या ठिकाणी 'गुणवत्ता' नावाची जी वस्तू असते तिच्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रातील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. हे सर्व मुलाखतीच्या आधीचे आहे, म्हणजे उमेदवाराने तोंडही उघडलेले नसते.

पुण्यात मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये, कारण आपल्याकडे आडनाव हीच अर्धी ओळख असते आणि जेथे आडनावावरून पत्ता लागत नाही तेथे पुढचा प्रश्न तयार असतो: "मूळचे कुठले तुम्ही?" माझ्या पहिल्या मुलाखतीत तो विचारला गेला, नंतर गावाच्या पुढे तालुका विचारला गेला आणि शेवटी "तिथे तर आमचे अमुकच राहतात" असे म्हणून समोरच्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. उत्तर त्याला मिळाले होते. नोकरी मला मिळाली नाही. ती याच कारणाने गेली असे मी सिद्ध करू शकत नाही, आणि अशा प्रश्नांची सोयच ती असते.

गंमत अशी की, सॉफ्टवेअर कंपन्यांमधील जात कागदावर आली ती कॅलिफोर्नियात. २०२० मध्ये तेथील राज्य यंत्रणेने सिस्को कंपनीतील कथित जातिभेदावरून दावा दाखल केला. त्यातील दोन अभियंत्यांविरुद्धचा दावा यंत्रणेने २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतला, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. त्याच वर्षी सिएटल शहराने जातीवर आधारित भेदभावाला मनाई केली आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. म्हणजे तिकडे बाजूने आणि विरोधात का होईना, पण चर्चा झाली. आपल्याकडे बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे जो अहवाल द्यावा लागतो, त्यात स्त्रिया किती आणि दिव्यांग किती हे लिहायचे असते. जातीचा रकाना नाही. २००६ मध्ये खाजगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा उद्योगसंघटनांनी स्वेच्छेने आचारसंहिता स्वीकारल्या, पण स्वेच्छेचे पुढे काय होते ते आपण पाहतोच आहोत.

त्या धाराशिवच्या मुलाचा प्रश्न असा सरळ आहे. मात्र कृपा करून त्याला आता 'बोल, मोकळेपणाने बोल' असे सांगत समितीवर बसवू नका. पोस्टरवरच्या त्या मुलीचे जे झाले तेच त्याचेही होईल, आणि त्याला तर ते अधिक महाग पडेल. तुम्ही विषय बदललात, तर आता तुम्हीच तो पुन्हा काढा, स्वतःच्या नावाने.

चाकांवर

हिंजवडीतून लिहितो आहे. आमच्याकडे 'समावेशन सप्ताहात' सर्वांना डोळ्यांवर पट्टी बांधून पाच मिनिटे चालायला लावतात आणि नंतर केक कापतात. उपाहारगृहात जायला मात्र दोन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांविषयी मी चार वर्षांत सहा वेळा लिहिले आहे.

धागाकर्त्यांनी हे लक्षात घ्यावे की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि भारतीय संसदेचा आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण तयार करावे लागते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर संपर्क अधिकारी नेमावा लागतो. मुख्यालयाने विभागाचे नाव बदलल्याने यातला एक शब्दही बदलत नाही.

निवृत्त एचआर, बिबवेवाडी

वरील मुद्दा पुढे नेतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, जे कंपनीने स्वतःहून सुरू केले ते कंपनीला थांबवता येते: बोनस, प्रशिक्षण, अंतिम यादीची अट, पोस्टर. जे कायद्याने सांगितले आहे ते थांबवता येत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती, पन्नास किंवा अधिक असतील तर पाळणाघराची सोय, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी, आणि समान कामाला समान वेतन, जे १९७६ च्या कायद्यातून आता वेतन संहितेत आले आहे. शिवाय महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री कामगाराशी भेदभाव करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. माझ्या अनुभवात मुख्यालयाचा ईमेल आला की स्थानिक एचआर हा फरक न पाहता सगळे एकाच टोपलीत टाकते, कारण दोन्ही गोष्टी एकाच विभागाच्या एकाच सादरीकरणात लिहिलेल्या असतात.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. मत लिहिण्याआधी आकडे मागा, आणि तेही शेवटी किती स्त्रिया नोकरीत आहेत एवढेच नव्हे. किती अर्ज आले, किती पहिल्या फेरीत गेले, किती अंतिम फेरीत पोहोचले, किती जणांना पत्र दिले आणि किती जण रुजू झाले, असे टप्प्याटप्प्याने मागा. गळती कोठे आहे ते त्यावरून दिसते. आमच्या कंपनीत आम्ही समजत होतो की मुली मुलाखतीत मागे पडतात. प्रत्यक्षात त्या पहिल्याच चाळणीत, ठराविक महाविद्यालयांच्या यादीमुळे, गळत होत्या आणि त्यांच्यासोबत लातूर, नांदेड, धाराशिवची मुलेही गळत होती. ती यादी कोणी आणि कधी केली होती हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. आम्ही ती काढून टाकली. पुढे मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारायचे आणि आपसांत चर्चा करण्याआधी प्रत्येकाने गुण लिहून ठेवायचे, असा नियम केला. पहिले तीन महिने लोक कुरकुरले. विशेषतः जे स्वतःला माणसे ओळखण्यात तरबेज समजत होते, ते अधिक कुरकुरले.

खराडीकर

सर्वांचे मनापासून आभार. पत्र काल दिले. त्यात चार गोष्टी लिहिल्या: दुप्पट बोनस परत आणू नये, रजेचा खर्च टीमच्या खात्यात टाकू नये, बढतीचे निकष आणि गुण ज्याचे त्याला लेखी द्यावेत, आणि महाविद्यालयांची यादी काढावी. आमच्याकडेही तशी यादी आहे हे मला माहीत होते. मीच दोन वर्षे तिच्यावर सही करत होतो. 'बिंदुनामावली' यांच्या प्रतिसादानंतर मी त्या अनुभवी सहकाऱ्याची कागदपत्रे मागवली. त्याची बढती ग्राहकाच्या एका जुन्या शेऱ्यामुळे अडली होती आणि तो शेरा त्याला कोणीही दाखवला नव्हता. मी तो दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि नंतर म्हणाला की, प्रशिक्षणाविषयीचे त्याचे मत अजूनही तेच आहे. ते त्याचे मत आहे, त्यावर मी वाद घातला नाही.

सोमवारच्या बैठकीत मी जातीचा विषय स्वतः काढला आणि त्या दिवशी विषय का बदलला तेही सांगितले. दोघे उठून गेले. त्या तरुणाने काही म्हटले नाही. संध्याकाळी मात्र त्याने आपल्या महाविद्यालयातील दोघांचे अर्ज मला पाठवले.

फोटो उतरला आहे. पोस्टर तसेच आहे, आता त्यावर परदेशातील कोणी हसऱ्या चेहऱ्याची बाई आहे.