मदत हवी आहे: एकांकिकेत हशा चुकीच्या माणसावर पडतोय

३५ मिनिटांची एकांकिका, ५ पात्रं. खारघरचा टॉवर, घरकामाच्या बायकांना मागची लिफ्ट सक्तीची. सेक्रेटरी नोटीस वाचतो. तालमीत लोक हसतात ते घरकाम करणाऱ्या मावशींच्या बोलीला, सेक्रेटरीच्या दिखाऊ 'आपलेपणा'ला नाही. बोली सपाट केली तर मावशी पुस्तकी वाटतात. माझ्या मते गोची अशी की विनोदाची वाक्यं तिला आणि गंभीर चेहरा त्याला दिलाय. उलट करावं का?

शेवटी दीड पानाचं स्वगत आहे, तिथे उपरोध संपून सरळ भाषणच होतं (टाळ्या पडतात, तोच घोळ!). ते कापून नुसतं लिफ्टचं दार बंद होताना दाखवलं तर पोचेल? लिफ्ट म्हणजे रंगमंचावर ३ बाय ३ फुटांचा चौकोन आणि वरून एक स्पॉट. संहिता परिनिरीक्षणाला (नाटकांच्या सेन्सॉरकडे) पाठवायच्या आत बदल हवेत. वाशी-ठाण्यातलं कुणी तालीम बघायला येईल का?