मुलगा जहाजावर आहे, समुद्राचं हवामान रोज कुठे बघावं? (सल्ला हवा)

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे. घराण्यात आजवर कोणी बोटीवर गेलेलं नाही. धाकटा चिरंजीव आता डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून एका बल्करवर (सुटा माल नेणाऱ्या बोटीवर) लागलाय. बोट कांडल्याहून रिकामी निघाली आहे, दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बेला कोळसा भरायचाय. आणि तेही ऐन जूनमध्ये.

घरच्या ग्रुपवर रोज कोणीतरी लाल-जांभळ्या भोवऱ्याचं चित्र टाकतं आणि हिचा जीव वरखाली होतो. टीव्हीवाले म्हणतात वादळ नाही, इंटरनेटवर एके ठिकाणी ‘गेल वॉर्निंग’ दिसते. खरं कुणाचं धरायचं? रोज सकाळी एकदा बघून मोकळं होता येईल असं भरवशाचं ठिकाण सुचवा. शिवाय इंटरनेटवर बोटी कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा असतो, परवापासून आमची बोट त्यावरून गायबच झाली आहे, ते वेगळंच.

ब्रिजवॉच:
काका, बरीच वर्षं बोटीवर काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

टीव्ही आणि ती वॉर्निंग, दोन्ही खरे आहेत. गेल म्हणजे फक्त वाऱ्याचा वेग: ब्यूफोर्ट मापात आठ, म्हणजे ३४ ते ४० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा ताशी ६३ ते ७४ किलोमीटर धरा. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत कमी दाबाच्या प्रणालीला ‘चक्रीवादळ’ म्हणतात तेही ३४ नॉटपासूनच. पण गेल यायला चक्रीवादळ लागतंच असं नाही. जून ते ऑगस्ट सोमालियाच्या किनाऱ्यालगत आणि सोकोत्रा बेटाच्या आसपास नैऋत्य मोसमी वारा इतका जोरात वाहतो की तिथे वादळाविना गेल येतो. त्याला नाव नाही, डोळा नाही, म्हणून टीव्हीवर बातमीही नाही. तुमच्या मुलाच्या बोटीला या महिन्यात भेटणार तो हाच. तेव्हा बातम्यांत वादळाचं नाव शोधू नका, त्या भागाचं बुलेटिन वाचा.

ते कुठे? हवामान खात्याच्या साइटवर सागरी विभागात खुल्या समुद्राचं बुलेटिन असतं. जगातले समुद्र ‘मेटएरिया’ नावाच्या भागांत वाटून दिलेत. आपल्याकडचा मोठा भाग, विषुववृत्तापर्यंत, दिल्लीकडे. अरबी समुद्राचा वायव्य कोपरा पाकिस्तानकडे. विषुववृत्ताखाली मॉरिशस, आणि पुढे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे दक्षिण आफ्रिका. बोट जसजशी खाली सरकेल तसतसं बघायचं पान बदला, नाहीतर आठवड्याने तुम्ही भलत्याच समुद्राची काळजी करत बसाल.

दक्षिणेकडच्या चक्रीवादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे सध्या तिकडे ती भीती जवळपास नाही. विषुववृत्ताच्या अगदी जवळ तर चक्रीवादळ तयारच होत नाही म्हटलं तरी चालेल, पृथ्वीच्या फिरण्याने मिळणारा पीळ तिथे पुरत नाही. वहिनींना एवढं नक्की सांगा.

हवामानवेडा_कारेलीबाग:
रंगीत नकाशाच बघायचा असेल तर विंडी ही हवामानाची साइट बघा, पण युरोपियन आणि अमेरिकन अशी अंदाजाची दोन्ही संगणक मॉडेलं आलटून पालटून. दोन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. सात दिवसांपुढचा भोवरा दिसला तर सरळ दुर्लक्ष करा. ग्रुपवर फिरतात ती चित्रं बहुतेक दहाव्या दिवसाची असतात, दुसऱ्या दिवशी मॉडेलमधून भोवरा गेलेला असतो आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

एकाच वादळाचे दोन वेगळे वेग दिसले तर दचकू नका. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकन लष्करी केंद्र एका मिनिटाची. त्यांचा आकडा बहुतेकदा मोठा.

आणि नावात किती अर्थ असतो ते आपण बडोदेकरांनी बघितलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा ते नुसतं डीप डिप्रेशन होतं, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खाली. तेच पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला ‘असना’ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ १९७६ नंतर पहिल्यांदाच. नाव मिळालं तोवर आपल्या सोसायट्यांतून मगरी हलवायचं काम चालू होतं!

इंजिनरूमची_बायको:
काका, बोट गायब झाली म्हणून घाबरू नका. फुकटच्या नकाशांना सिग्नल मुख्यतः किनाऱ्यावरच्या अँटेनातून मिळतो. किनारा सुटून ४०-५० मैल झाले की बोट दिसेनाशी होते. उपग्रहावरून दिसते, पण त्याचे पैसे पडतात आणि माझ्या मते ते वाया. माझे हे चीफ इंजिनिअर आहेत. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी दिवसभर तो ठिपका रिफ्रेश करत बसायचे. आता ह्यांना निघायच्या आधी फक्त दोन गोष्टी विचारते, पुढचं बंदर कोणतं आणि अंदाजे तारीख काय. इंटरनेट असेल तेव्हा मेसेज येतोच.

वहिनींना मात्र रोजचे आकडे दाखवू नका. खरंच सांगते.

खंडेराव_मार्केट:
मी तर म्हणतो काहीच बघू नका. बघून तुम्ही वारा थांबवणार आहात का? कॅप्टन आहे ना तिथे.

ब्रिजवॉच:
खंडेराव, मुद्दा बरोबर, पण बापाला गप्प बसवत नाही हो. आणि कॅप्टनही तेच बुलेटिन वाचतो. उपग्रहावरून ते ब्रिजवर (जिथून बोट चालवतात तिथे) आपोआप छापून येतं, किनाऱ्याजवळ असेल तर नॅव्हटेक्स या रेडिओ यंत्रावर. शिवाय बऱ्याच कंपन्या मार्ग ठरवायला हवामान सल्लागार ठेवतात. बोट सोकोत्राजवळून सरळ न जाता पूर्वेकडून वळसा घेऊन खाली गेली तर समजा की वाऱ्याला टाळलंय.

दांडियाबाजारकर:
सगळ्यांचे आभार. बुलेटिन सापडलं. सगळी इंग्रजी मोठी अक्षरं आणि संक्षेप. एका ओळीत ‘एसडब्ल्यू-ली ३०/३५ केटीएस’ आहे आणि पुढे ‘सी व्हेरी रफ’. हे वाचून माझाच घसा कोरडा पडला. वेळही कुठली ते कळेना.

ब्रिजवॉच:
नैऋत्येकडून येणारा वारा, ३० ते ३५ नॉट. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती. समुद्राच्या प्रवाहाची उलट, जिकडे जातो ती.

‘रफ’, ‘व्हेरी रफ’ ही विशेषणं नाहीत, ठरलेली मापं आहेत. रफ म्हणजे लाटा अडीच ते चार मीटर, व्हेरी रफ चार ते सहा, हाय सहा ते नऊ. ही उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट याच्या जवळजवळ दुप्पट निघू शकते. पावसाळ्यात मध्य अरबी समुद्रात चार-पाच मीटर हे रोजचं. मोठ्या बल्करला त्यात धोका नसतो, पण रिकामी बोट उंच तरंगते, फार हलते, आणि नवीन कॅडेटचं पोट तीन-चार दिवस जाग्यावर राहत नाही. त्याला म्हणावं कोरडी बिस्किटं आणि आलं जवळ ठेव, रिकाम्या पोटी वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) जाऊ नकोस.

वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. ‘स्वेल’ असा वेगळा आकडा दिसला तर ती लांबून चालत आलेली लाट. दक्षिण गोलार्धातल्या वादळाची स्वेल केरळपर्यंत येते, तिथे वाराही नसताना रस्त्यावर पाणी चढतं. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं पान बघा. नकाशे तिथले जास्त सोपे आहेत.

अलकापुरीकर:
धाग्यात घुसतोय, माफी. आम्हाला घोघा–हाजिरा फेरीबोटीने भावनगरला जायचंय, जुलैमध्ये. हेच बुलेटिन बघायचं का?

हवामानवेडा_कारेलीबाग:
नाही, तुम्हाला खुल्या समुद्राचं काही कामाचं नाही. गुजरात किनाऱ्याचं वेगळं बुलेटिन निघतं, त्यात बंदरांवर कितव्या नंबरचा बावटा आहे तेही असतं. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या हवेचा धोका. तो लागलेला दिसला तर निघायच्या आधी फेरीवाल्यांना फोन करा. जुलैमध्ये मी तरी परतीचं तिकीट बसचं काढीन.