गावच्या वाचनालयाचा शेतीला काय उपयोग झाला? नाशिककरांनो, अनुभव लिहा

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी रोज संध्याकाळी दोन तास बसतो. पगार नाही, आवड म्हणून. पेपर वाचायला म्हातारी माणसं येतात, कादंबऱ्या न्यायला बायका येतात. पण द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की ज्याला माहितीची खरी निकड असते तो औषधाच्या दुकानात उभा असतो, आणि काउंटरवरून मिळेल ती बाटली घेऊन बागेत जातो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. त्यातून घेतलेलं एखादं पान तुमच्या वावरात कामाला आलं का? नसेल आलं तर का नाही, तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मागच्या वर्षी एक काका शेतीच्या कपाटातलं जुनं पुस्तक घेऊन आले आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुठं मिळंल?" ते एंडोसल्फान नावाचं कीटकनाशक होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच त्यावर बंदी घातली. काकांनी विचारलं म्हणून लक्षात आलं. न विचारता घेऊन गेलेले किती असतील, या विचाराने झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं कपाट रिकामं करून एकेक पुस्तक चाळलं. मशागत, वळण, छाटणी ही पानं आजही मोलाची आहेत, म्हणून पुस्तकं रद्दीत घातली नाहीत. फवारणीच्या प्रकरणावर मात्र लाल शाईने चिठ्ठी लावली: 'औषधं जुनी आहेत. वापरण्याआधी विचारा.'

सटाणा, डाळिंब

आमच्या बागेत तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा डागांचा रोग, आला तेव्हा ह्यांनी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण, घरीच करायचं ठरवलं. वाचनालयातल्या ताईंनी पुस्तक काढून दिलं, म्हणाल्या घरी न्या, भिजलं तरी चालेल. ओट्यावर बसून मी वाचत होते, हे ढवळत होते. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवायचं, लोखंडी भांडं चालत नाही. मग दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं. एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. पुढची ओळ नवीन होती: घासून लखलखीत केलेला विळा त्यात बुडवून बघा. बुडवला, तर पात्यावर तांबूस थर चढला. म्हणजे चुना कमी पडला होता. अजून चुन्याची निवळी घातली, पुन्हा विळा घासला, पुन्हा बुडवला, असं तीनदा केलं तेव्हा पातं कोरं निघालं. आधीचं तसंच मारलं असतं तर पानं करपली असती.

तेल्या एवढ्यानेच आटोक्यात आला असं मी म्हणणार नाही. रोगट फांद्या छाटून जाळल्या, बागेला विश्रांती दिली. पण तो विळा मी विसरणार नाही.

लासलगावजवळ, उन्हाळ कांदा

थोडक्यात लिहितो. दोन-तीन वर्षांमागे गारपीट झाली. वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत विमा कंपनीला कळवा. तिथल्याच पोराने माझ्या मोबाइलवरून तक्रार नोंदवून दिली. शेजाऱ्याने पाचव्या दिवशी कळवलं, त्याची नोंद झाली नाही. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१ हाही त्याच फळ्यावर असतो. विम्याचे नियम बदलत राहतात, म्हणून फळा दर हंगामाला पुसून नव्याने लिहिला पाहिजे.

दिंडोरी, निर्यातीची द्राक्षं

२०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला, ते ज्यांनी सोसलं त्यांना काढणीआधीचे दिवस मोजण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी काढतं. पण ती इंग्रजीत, रसायनांच्या नावांनी. आणि बाटलीवर कंपनीचं नाव हातभर, रसायनाचं नाव मुंगीएवढं. आमच्या वाचनालयात कृषी महाविद्यालयातली एक मुलगी यायची. तिने वहीत मराठीत रकाने आखले: रसायन, कोणत्या रोगावर, काढणीआधी किती दिवस थांबायचं. वर यादीची तारीख. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन यायचे आणि ती लेबल वाचून दाखवायची. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण म्हणजे विषाची उतरती तीव्रता, हे कितीतरी जाणत्या बागायतदारांना तिथे पहिल्यांदा कळलं. मला वाटतं वाचनालयाने एवढं एकच काम धरलं तरी पुष्कळ आहे. तिथे बसलेल्या माणसाला काही विकायचं नसतं, म्हणून त्याच्यापुढे शंका काढायला जीव धजतो.

पेठ, नागली (नाचणी) आणि भात

तुमचं सगळं वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडचं वाचनालय दुपारी उघडतं. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत त्या वेळी अख्खा गाव चिखलात असतो. संध्याकाळी कुलूप. कपाटात द्राक्ष आहे, ऊस आहे, नागलीवर एक पान नाही.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. पण कोणती नागली लवकर येते, कोणती उताराच्या हलक्या रानात तग धरते, बियाण्याला कोणतं कणीस राखायचं, हे सगळं तिला पाठ आहे. तिच्या वयाच्या गावात आता तिघीच उरल्या. निफाडच्या दादांनी विचारलं म्हणून सांगतो, आम्हाला पुस्तक द्याच, पण आधी कुणीतरी हे लिहून घेऊन त्या कपाटात ठेवा. रात्री जेवणं झाल्यावर आई बसायला तयार आहे. वही घेऊन कोण येतं, कळवा.