मदत हवी आहे: टायनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम विश्लेषकावर दिसणारा दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेचा संकेत) खरा की उपकरणातच निर्माण झालेला?

145 मेगाहर्ट्झवर 5 वॅट देणारा हँडसेट मी 40 डीबीच्या, 10 वॅट क्षमतेच्या अटेन्युएटरमार्फत (संकेत क्षीण करणाऱ्या जोडणीतून) टायनीएसएच्या लो इनपुटला जोडला असून आलेख यूएसबीने संगणकावर घेतो. मूळ संकेत अपेक्षेप्रमाणे उणे 3 डीबीएमच्या आसपास येतो. 290 मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक मात्र त्याच्या जेमतेम 38 डीबी खाली आहे. केबल बदलून आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवूनही फरक पडला नाही. उपकरणातले अटेन्युएशन 10 डीबीने वाढवल्यावर मूळ संकेताचे वाचन तेवढेच राहते, हार्मोनिकचे सुमारे 4 डीबीने उतरते. म्हणजे काही भाग तरी टायनीएसएच्या मिक्सरमध्येच (वारंवारता बदलणाऱ्या अंतर्गत भागातच) तयार होत असावा. प्रयोगशाळेतला महागडा विश्लेषक उपलब्ध नाही. त्यामुळे अटेन्युएटरनंतर आरजी-58 केबलचा साधारण 34 सेंटिमीटरचा, टोक मोकळे ठेवलेला पाव-तरंग तुकडा टी-जोडाने लावून 145 दाबण्याचा विचार आहे. अशा मांडणीत 290 चे वाचन विश्वासार्ह राहील, की तुकडा आणि टायनीएसए यांच्यामध्ये आणखी 10 डीबीचा पॅड (छोटा अटेन्युएटर) आवश्यक आहे?