कोडमधून आपोआप दस्तऐवज तयार करणारे वेब ॲप्लिकेशन: काही पाने रिकामी का येतात?

प्रश्न
आमच्या टीमच्या पायथन प्रकल्पांसाठी एक वेब ॲप्लिकेशन उभारत आहे. गिटहबवर नवा कोड आला की वेबहुक (बदल कळवणारी आपोआप येणारी विनंती) येतो, फ्लास्क या पायथन वेब फ्रेमवर्कमधील एक रूट (ती विनंती हाताळणारे फंक्शन) तो कोड उतरवून घेतो आणि तेथेच स्फिंक्स हे दस्तऐवज बनवणारे साधन चालवून एचटीएमएल पाने बनवतो. काही मॉड्यूलच्या पानांवर केवळ शीर्षक येते, फंक्शनचे वर्णन दिसत नाही, तरीही बिल्ड (पाने बनवण्याची प्रक्रिया) यशस्वी ठरतो. शिवाय मोठ्या प्रकल्पांच्या वेळी गिटहब वेबहुक अयशस्वी दाखवतो. रचनेत काय बदलावे?

उत्तर १
कोडमधील वर्णने पानांवर आणणारे स्फिंक्सचे ऑटोडॉक एक्स्टेन्शन कोड नुसता वाचत नाही. प्रत्येक मॉड्यूल इम्पोर्ट करते, म्हणजे त्यातील वरच्या पातळीवरचा कोड प्रत्यक्ष चालवते. प्रकल्पाला लागणारी एखादी लायब्ररी सर्व्हरवर नसेल, तर इम्पोर्ट फसतो, ऑटोडॉक इशारा नोंदवून पुढे जाते आणि पान रिकामे राहते. म्हणून प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तयार करून त्यात त्याच्या लायब्ररी बसवाव्यात. ज्या फार जड आहेत, त्यांची नावे ऑटोडॉकच्या मॉक इम्पोर्ट्स या सेटिंगमध्ये द्यावीत, म्हणजे त्यांच्या जागी नकली मॉड्यूल वापरले जाते. स्फिंक्स चालवताना इशाऱ्यांना त्रुटी मानणारा डॅश-डब्ल्यू पर्याय आवर्जून द्यावा, कारण अपुरी पाने गुपचूप प्रकाशित होण्यापेक्षा बिल्ड थांबलेला केव्हाही बरा.

वेबहुकच्या उत्तरासाठी गिटहब १० सेकंदच थांबते. रूटने फक्त स्वाक्षरी (विनंती गिटहबकडूनच आल्याची खूण) तपासावी, काम रांगेत टाकावे आणि लगेच २०२ (विनंती स्वीकारली) हा प्रतिसाद द्यावा. बिल्डचे काम सेलरीसारख्या, रांगेतील कामे मागे करत राहणाऱ्या वेगळ्या वर्करकडे सोपवावे.

उत्तर २
वरील सल्ल्यात सुरक्षिततेची भर घालणे मला अत्यावश्यक वाटते. स्फिंक्सची कॉन्फिगरेशन फाइलसुद्धा पायथन कोडच असते, त्यामुळे ज्याला रिपॉझिटरीत लिहिता येते, त्याला तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो. प्रत्येक बिल्ड नव्या डॉकर कंटेनरमध्ये (बाकी सर्व्हरपासून अलग ठेवलेल्या वातावरणात) करावा, त्याला वेळेची व मेमरीची मर्यादा घालावी आणि डेटाबेसचे पासवर्ड किंवा टोकन त्या कंटेनरपर्यंत पोहोचू देऊ नयेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कोड न चालवता हे काम होऊ शकेल का? आणि बिल्ड चालू असताना जुनी पाने दिसेनाशी होतात, ते कसे टाळावे?

उत्तर १
स्फिंक्ससाठीचे ऑटोएपीआय एक्स्टेन्शन मॉड्यूल इम्पोर्ट न करता स्रोतातूनच वर्णने काढते. मात्र प्रोग्राम चालताना तयार होणारे ॲट्रिब्यूट त्याला दिसत नाहीत, आणि कॉन्फिगरेशन फाइल तरीही चालतेच, त्यामुळे कंटेनर टाळता येणार नाही.

पानांसाठी प्रत्येक बिल्ड नव्या फोल्डरमध्ये करावा. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरने एका सिमलिंकमधून (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यातून) पाने द्यावीत. बिल्ड यशस्वी झाल्यावर नव्या फोल्डरकडे बोट दाखवणारी सिमलिंक वेगळ्या नावाने बनवून तिचे नाव बदलत ती जुन्या सिमलिंकच्या जागी आणावी. जुनी आधी पुसू नये. नाव बदलण्याची क्रिया एकाच टप्प्यात होते, म्हणून वाचकाला मधली रिकामी अवस्था दिसत नाही, आणि बिल्ड फसला तर जुनी पाने जशीच्या तशी राहतात.