मदत हवी आहे: उघड्यावर उभ्या गाडीवरचं वॅक्स बडोद्याच्या उन्हात नक्की किती दिवस टिकतं?

दांडियाबाजारची (९ मार्च)

नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहते. गाडी बाबांची आहे, २०१३ ची, गडद मरून. कारेलीबागेत होतो तेव्हा तिला शेड होती. दोन वर्षांपूर्वी इकडे आलो तेव्हापासून ती गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उभी असते. सकाळी अकरापर्यंत सावली, मग पाचपर्यंत टप आणि बॉनेट थेट उन्हात. बाबांचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. वरच्या खिडकीतून ते रोज गाडी बघतात आणि मला विचारतात, "वॅक्स केलंस का गं?" ते स्वतः दर दिवाळीआधी एकदा करायचे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते होळीपर्यंत पुरायचं.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, गच्च्यांवरून मांजा पडतो, म्हणून गाडी दोन दिवस मांजलपूरला मावशीकडे ठेवली होती. परत आणल्यावर जानेवारीच्या शेवटी मी कारनोबा पेस्ट वॅक्सचा डबा आणून पहिल्यांदा स्वतः वॅक्स केलं. डब्यावर सहा महिने लिहिलंय. पहिले तीन आठवडे पाणी टाकलं की बॉनेटवर मोत्यांसारखे थेंब उभे राहायचे. पाचव्या आठवड्यात बॉनेट आणि टपावर पाणी नुसतं पसरायला लागलं, म्हणजे तिथलं वॅक्स गेलं असावं. दारांवर मात्र अजून थेंब बनतात, हे मला कळत नाही.

कसं केलं ते सांगते, चूक असेल तर दाखवा. बोअरच्या पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विडने धुतलं, दुपारी बाराच्या सुमारास गल्लीतच जाड थर लावला आणि तासभर वाळू दिला. मग पुसताना हात भरून आले, काही ठिकाणी पांढरट चट्टे राहिले.

गाड्या चमकवून देणाऱ्या एका डिटेलिंगवाल्याकडे विचारलं तर म्हणाले, वॅक्सचा जमाना गेला, सिरॅमिक करा (रंगावर बसवायचा कडक, टिकाऊ थर), २२ हजार, पाच वर्षं बघायला नको. गाडीचं वय आणि आमची ऐपत पाहता हा खर्च मोठा आहे. शिवाय टपावर तळहाताएवढा भाग पांढरा, खवल्यासारखा झालाय. तो वॅक्सने भरून येईल का? आणि कव्हर घालावं की नाही? अनुभवींनी कृपया सांगावं.

सुरसागरकाठ (९ मार्च)

माझी पांढरी गाडी आहे, तीही रस्त्यावरच असते. दर दोन महिन्यांनी करतो. सहा महिने कधीच टिकलं नाही. टपावरचं आधी जातं, हे अगदी बरोबर आहे.

मकरपुऱ्याचा_रंगवाला (१० मार्च)

ताई, रंगाच्या लायनीत २२ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डब्यावरचे सहा महिने खोटे नसतात, पण ते शेडमध्ये राहणाऱ्या, आठवड्यातून एकदा सौम्य शॅम्पूने धुतल्या जाणाऱ्या गाडीचे असतात. तुमच्या बाबांना दिवाळी ते होळी पुरायचं कारण शेड होती आणि ते महिने थंडीचे होते. बडोद्यात उघड्यावर, मार्च ते जून, कारनोबा पेस्ट आडव्या भागांवर चार ते सहा आठवडे राहिली तर चांगलं झालं म्हणायचं. तुमची पाच आठवडे राहिली. म्हणजे तुम्ही फार काही बिघडवलेलं नाही.

कारनोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. रखरखीत उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडच ते तयार करतं. गोळ्या-चॉकलेटांवर जी चकाकी असते तीही पुष्कळदा याचीच. नैसर्गिक मेणांत हे सगळ्यांत टणक, वितळायला ८२ ते ८६ अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४२-४३ अंशांची असते तेव्हा गडद रंगाचं बॉनेट सत्तरच्या आसपास जातं. वितळत नाही, पण मऊ पडतं. मऊ मेणावर धूळ चिकटते, आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसली की धुळीबरोबर मेणही निघतं. दारं उभी असतात, ऊन तिरपं लागतं, धूळ कमी बसते, पाणी साचत नाही. म्हणून तिथे थेंब अजून बनतायत.

आता एक गैरसमज. वॅक्स उन्हापासून रंग वाचवतं असं सगळे म्हणतात. फारसं वाचवत नाही. तुमच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि अतिनील किरणं अडवणारी रसायनं त्याच्यात कारखान्यातच मिसळलेली असतात. वॅक्सचा थर जेमतेम मायक्रॉनभर, बहुधा त्याहूनही कमी. तो ऊन काय अडवणार? त्याचं काम वेगळं: पक्ष्यांची घाण, कडुनिंबाचा चीक, पाण्यातले क्षार यांना थेट क्लिअर कोटवर बसू न देणं, आणि ते सहज निघेल असं करणं. वॅक्स आहे म्हणून घाण तीन दिवस तशीच ठेवली तर डाग पडणारच.

तुमच्या चुका तीन. भांड्यांचं लिक्विड तेल-तूप ओढून काढायलाच बनवलेलं असतं, मेणही ओढतं. पहिल्यांदा जुनं मेण काढायला चालेल, पण नंतर दर वेळी वापरलं असेल तर सहा आठवड्यांचे तीन झाले समजा. दुसरी, तापलेल्या पत्र्यावर लावलंत. हाताची उलटी बाजू बॉनेटला लावा, कोमट जरी लागली तरी थांबा. सकाळी सात ते नऊ ही वेळ. तिसरी, जाड थर. वॅक्स जेवढं रंगाला धरतं तेवढंच राहतं, वरचं सगळं तुम्ही पुसूनच काढता, म्हणून हात भरून आले. इतकं पातळ लावा की लावलंय की नाही असं वाटावं. दहा मिनिटांनी बोट ओढून बघा, रेघ स्वच्छ उठली की पुसा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

टपाचा पांढरा भाग म्हणजे क्लिअर कोट गेला. त्याला वॅक्सचा उपाय नाही. आठवडाभर गडद दिसेल, पुन्हा पांढरा होईल. उलट पॉलिश मारून घासू नका, कडा अजून सुटतील. टप पुन्हा रंगवणं हाच इलाज, आणि तो घाईचा नाही.

निजामपुरा_नाका (१० मार्च)

सिरॅमिकला नावं ठेवू नका. माझ्या गाडीवर तीन वर्षं झाली, अजून पाणी घसरतं.

मकरपुऱ्याचा_रंगवाला (१० मार्च)

नावं ठेवत नाही. तुमची गाडी छपराखाली असते का तेही सांगा.

निजामपुरा_नाका (१० मार्च)

हो, सोसायटीचं बेसमेंट आहे. आणि दर रविवारी स्वतः धुतो.

मकरपुऱ्याचा_रंगवाला (१० मार्च)

हेच म्हणायचं होतं. सिरॅमिकचा थर मेणापेक्षा नक्कीच कडक, उन्हाला दमदार. नवी गाडी असेल, मालक नीट धुणारा असेल, तर पैसे वाया जात नाहीत. पण पक्ष्यांची घाण आणि क्षारांचे डाग त्याच्यावरही पडतात, "बघायला नको" असं काही नसतं. आणि जिचा क्लिअर कोट टपावर सुटायला लागलाय त्या गाडीवर २२ हजारांचं कोटिंग करायला मी तरी सांगणार नाही. ताईंनी मधला मार्ग घ्यावा: सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचं कृत्रिम वॅक्स. बाटलीत पातळ मलमासारखं येतं, लावायची रीत तीच. चमक मेणाइतकी खोल नाही, पण उघड्यावर तीन-चार महिने काढतं.

दांडियाबाजारची (११ मार्च)

काका, इतकं लिहिलंत, फार आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दारांचं कारण मला कधी सुचलं नव्हतं."

एक विचार आहे. बॉनेटच्या मधोमध रंगकामाची चिकटपट्टी लावून डाव्या बाजूला कारनोबा, उजव्या बाजूला सीलंट, दोन्ही एकाच सकाळी. मग दर रविवारी दोन्हीकडे तांब्याभर पाणी. आमच्याच झाडाखाली, आमच्याच धुळीत काय टिकतं ते दिसेल. चालेल ना?

अजून एक विचारायचं राहिलं. गेल्या दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, ते शुभ म्हणून दिवाळीपर्यंत पुसलं नाही. आता पुसलं तरी उन्हात तिरपं बघितलं की स्वस्तिकाची पुसट खूण दिसते.

मकरपुऱ्याचा_रंगवाला (११ मार्च)

चालेल नाही, कराच. दोन्ही लावायच्या आधी पृष्ठभाग सारखा पाहिजे. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा. रवाळ लागलं तर आधी क्ले (रंगावर चिकटलेले कण उचलून घेणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवून घ्या, नाहीतर धुळीवरच मेण बसेल.

कुंकवाची खूण हलक्या पॉलिशने बरीच जाईल, पण पॉलिश म्हणजे वॅक्स नव्हे. पॉलिश क्लिअर कोट किंचित घासून काढतं, म्हणून वर्षात एकदाच, आणि सुटलेल्या टपापासून लांब. पुढच्या दसऱ्याला स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. काचेला काही होत नाही. झेंडूची माळ बांधाल तेव्हा तार रंगाला घासणार नाही एवढं बघा, गाडी चालवायच्या आधी सोडून ठेवा.

राजवाड्याजवळचा (१२ मार्च)

मी इंदूरचा. आमच्याकडेही गाडी उघड्यावर, वर पिंपळ. कबुतरं आणि साळुंक्या. माझा अनुभव एवढाच की घाण दिसली की त्याच तासात काढायची. डिकीत पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबरची कापडं कायम ठेवतो. ओलं कापड घाणीवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं, ती मऊ झाली की उचलून घ्यायची, घासायची नाही. वाळलेल्या घाणीत वाळूचे कण असतात, घासलं की चरे. शिवाय ती आम्लधर्मी असते, आणि दुपारी तापून फुगलेला रंग संध्याकाळी थंड होताना तिच्याभोवतीच आवळतो, मग खळगा कायमचा. उन्हाळ्यात एक दुपार पुरते.

बोअरच्या पाण्याचं पण बघा. उन्हात वाळलं की पांढरी वर्तुळं उमटतात. मी साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं कापडावर घेऊन पुसतो आणि लगेच धुतो. तेवढ्या भागाचं वॅक्स जातं, ते पुन्हा लावावं लागतं. त्यापेक्षा धुतल्या-धुतल्या कोरडं करणं सोपं.

सुरसागरकाठ (१२ मार्च)

कव्हरचं कुणी बोललं नाही. मी एक उन्हाळा वापरून सोडलं. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की कव्हरच सॅंडपेपरसारखं घासतं. रोज धुऊन घालणार असाल तरच घ्या. पावसाळ्यात आत दमट राहतं ते वेगळंच.

दांडियाबाजारची (२७ एप्रिल)

सहा आठवड्यांचा हिशेब द्यायला आले.

१५ मार्चला सकाळी सात वाजता दोन्ही लावलं, पातळ, दोन हात. साध्या गाडीच्या शॅम्पूने दर रविवारी धुतलं, भांड्यांचं लिक्विड बंद. रोजचा कोरडा फडकाही बंद केला. गाडी पुसायला येतो त्या मुलाला हे पटवायला दोन दिवस लागले.

चौथ्या रविवारी दोन्ही बाजू सारख्याच होत्या. पाचव्या रविवारी डावीकडचे थेंब चपटे झाले. घाबरून पुन्हा शॅम्पूने नीट धुतलं तर थेंब परत उभे राहिले, म्हणजे वॅक्स गेलं नव्हतं, वर धूळ बसली होती. हे आधी माहीत असतं तर जानेवारीचं वॅक्सही एकदा धुऊन तपासलं असतं. आज, सहाव्या रविवारी, डावीकडे धुऊनही पाणी पसरतं. उजवीकडे, सीलंटवर, थेंब ठळक आहेत.

दिसायला मात्र कारनोबाची बाजू पहिले तीन आठवडे जास्त सुंदर होती. मरून रंग ओला असल्यासारखा दिसायचा. बाबांनी वरून न सांगता ओळखलं डावं कुठलं ते.

मकरपुऱ्याचा_रंगवाला (२७ एप्रिल)

धुऊन तपासायचा मुद्दा फार चांगला मांडलात, अनेकांची फसगत तिथेच होते. आता असं करा. टपाचा सुटलेला भाग सोडून सगळीकडे सीलंट, वर्षातून तीनदा: होळीनंतर, पावसाच्या तोंडावर, आणि दिवाळीआधी. दिवाळीत सीलंट एक दिवस बसू द्या आणि वर कारनोबाचा एक पातळ हात. थंडीत ते टिकेलही. मेणावर सीलंट लावू नका, ते धरत नाही. क्रम उलटा होऊ देऊ नका.

दांडियाबाजारची (५ जुलै)

पहिला मोठा पाऊस होऊन गेला. विश्वामित्रीचं पाणी वाढलं की आमच्याकडे सगळ्यांचा जीव वर-खाली होतो, ऑगस्ट २०२४ चा पूर अजून विसरलेलो नाही. त्या वेळी गाडी उंचावर नेता आली म्हणून वाचली. यंदाही चावी दाराशीच टांगलेली आहे.

१५ मार्चचं सीलंट सोळा आठवड्यांनी, म्हणजे आज, बॉनेटवर कमी झालंय पण संपलेलं नाही. पाणी थेंबांनी नाही, तर ओघळांनी उतरतं. दारांवर पहिल्यासारखंच. एप्रिलअखेरीस डाव्या बाजूलाही सीलंट लावलं होतं, ते अजून छान आहे. मे महिन्यात कडुनिंबाचा मोहोर आणि चीक पडला, तो ओल्या कापडाने निघाला, आधीच्या वर्षी नखाने काढावा लागला होता. साळुंकीने एकदा टपावर घाण केली ती मी रात्री पाहिली, तिथे डाग राहिला आहे.

टप रंगवायचं विचारलं. नवरात्रीनंतर करू, कारण ओल्या हवेत रंग नको असं रंगवाल्यानेच सांगितलं. काका, नव्या रंगावर वॅक्स किंवा सीलंट किती दिवसांनी लावायचं?

मकरपुऱ्याचा_रंगवाला (५ जुलै)

त्याने खरं सांगितलंय, माणूस चांगला दिसतो. भट्टीत वाळवलेला नसेल तर निदान दोन महिने काही लावू नका. रंगातलं सॉल्व्हंट हळूहळू उडत असतं, वरून झाकलं की आत अडकतं. साधं पाणी, मऊ कापड, एवढंच. म्हणजे यंदा दिवाळीला टप सोडून बाकी गाडी करा. बाबांना सांगा, टपाचं संक्रांतीला.